शनिवारची अर्धशिशी

गास्पारला अर्धशिशीचा त्रास आहे हे आम्हाला ठाऊक होतं. पण ती नेमकी शनिवारीच कशी उठते, हा प्रश्न फ्रेदीने काढला, आणि एकदा काढल्यावर तो काही केल्या आमच्या गाडीतून उतरेना.

आम्ही तिघं गातो. मेरिदा शहरात आणि आसपासच्या गावांत लग्नं, बारशी, मुलींचे पंधरावे वाढदिवस, म्हाताऱ्यांच्या लग्नाची पन्नाशी, जे असेल ते. तीन गिटारी, तीन आवाज, तीन पांढरेशुभ्र सदरे. फ्रेदी सेतीना पहिला आवाज आणि आमचा म्होरक्या. बोलणी तो करतो, गाणी तो ठरवतो, यजमानीणबाईंची तारीफही तोच करतो. गास्पार कानुल दुसरा आवाज. मी एल्मेर, तिसरा. गाडी माझी, त्यामुळे हाकायचं कामही माझंच. दुसरा आवाज म्हणजे काय ते ऐकणाऱ्यांना सहसा कळत नाही. लोक म्हणतात, फ्रेदी काय गोड गातो. फ्रेदी गोड गातो ते गास्पार खालून धरून असतो म्हणून, हे फ्रेदीलाही माहीत आहे. म्हणून तर तो एवढा चिडला.

सुरुवात इसामाल गावच्या एका कार्यक्रमात झाली. दुपारची वेळ, अंगणात मांडव, समोर चकाकणारी काचेची भांडी. तिसऱ्या गाण्यात गास्पारचे शब्द घसरले. एक-दोन नव्हे, अख्खी ओळ. सूर बरोबर, पण शब्द भलतेच. कुठला पलंग, कुठली टाच, कशाचा कशाला मेळ नाही. समोरची बाई हसली. यजमान हसला नाही. गाणं संपल्यावर तो फ्रेदीच्या कानाशी लागून म्हणाला, "तुमच्या माणसाला जरा आवरा. घरात देवमाणसं बसलीत."

गाडीपाशी आल्यावर फ्रेदीने गास्पारची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड हुंगलं. मी तिथेच उभा होतो.  पुढच्या क्षणी गास्पार गाडीच्या चाकाशी वाकला आणि ओकला.

"दारूचा वास नाही," परतताना फ्रेदी मला म्हणाला. गास्पार मागच्या सीटवर सदरा तोंडावर घेऊन आडवा पडला होता.

"मग झालं तर."

"झालं कसं? दारू नाही, मग काय आहे?"

"डोकं. तो सांगतोय ना."

"डोकं मलाही आहे, एल्मेर. ते दुखलं म्हणून मी पलंगाची गाणी म्हणत नाही."

त्यानंतर दोन शनिवार गास्पार आलाच नाही. दोन्ही वेळा सकाळी त्याच्या बायकोचा, मिर्नाचा, फोन. डोकं धरलंय, उजेड सहन होत नाही, माफ करा. दुसऱ्या वेळी फ्रेदीने फोन ठेवला आणि बराच वेळ आपल्या बोटांच्या नखांकडे पाहत बसला. गिटारवाल्यांची उजव्या हाताची नखं वाढलेली असतात. ती तो एकेक करून टेबलावर वाजवत होता.

"सोमवारी कधी दुखल्याचं ऐकलंस?" त्याने विचारलं.

"नाही."

"बुधवारी?"

"आपण बुधवारी कुठे भेटतो?"

"तेच म्हणतोय. शनिवारचं काम असलं की दुखतं; शुक्रवारी रात्री तर ठणठणीत गातो. बाकी आठवडाभर शिलाईयंत्रं दुरुस्त करत फिरतो, तेव्हा उजेड चालतो त्याला."

गास्पारचा तो दिवसाचा धंदा. शिंप्यांकडे आणि कपड्यांच्या कारखान्यांत जाऊन यंत्रं दुरुस्त करायची. मला फ्रेदीचं बोलणं पटत नव्हतं. पण त्याला खोडून काढायलाही माझ्याकडे काही नव्हतं, आणि असं झालं की माणूस हळूहळू समोरच्याच्या बाजूला सरकतो.

मग लांदीची बातमी आली. लांदी म्हणजे फ्रेदीची बायको. तिच्या चुलतबहिणीने गास्पारला प्रोग्रेसोच्या बंदराजवळ पाहिलं होतं, गुरुवारी, भर दुपारी. पाठीला गिटार. एका केशकर्तनालयाचं शटर अर्धं खाली ओढलेलं, आणि हा वाकून आत शिरला.

"बाई असणार," लांदी भाजी चिरता चिरता म्हणाली. "शटर अर्धं कोण ओढतं? एकतर बंद करा नाहीतर उघडं ठेवा."

"बाईकडे जाताना गिटार कोण नेतं?" मी म्हणालो.

"एल्मेर, तू म्हणूनच बिनलग्नाचा राहिलास."

फ्रेदी मात्र बाईच्या बाजूला गेलाच नाही. त्याला बाई परवडली असती. त्याच्या डोक्यात दुसरंच होतं. प्रोग्रेसोत तिघांचा एक जुना संच होता आणि त्यांचा दुसरा आवाज कानकूनच्या हॉटेलांत नोकरीला गेल्याचं आम्ही सगळ्यांनीच ऐकलं होतं. "आता कळलं," फ्रेदी म्हणाला. "इथे अंधारात पडतो आणि तिथे उजेडात गातो."

पुढच्या शनिवारी पुन्हा फोन आला तेव्हा फ्रेदीने मला गास्पारच्या घरी धाडलं. म्हणाला, औषधबिवषध काही हवंय का विचार. आम्हा दोघांनाही माहीत होतं मी कशाला चाललोय.

मिर्नाने दार उघडलं, पण पुरतं नाही. तिच्या मागे घर काळोखात होतं. खिडक्यांच्या काचांना तिने आतून चंदेरी कागद लावला होता, स्वयंपाकघरात अन्न गुंडाळतात तसला. पंखाही बंद. त्या उकाड्यात पंखा बंद ठेवणारं घर मी मेरिदात दुसरं पाहिलेलं नाही.

"वहिनी, काही लागलं तर सांगा म्हणून आलो."

"सांगेन." ती कुजबुजत बोलत होती. "हळू बोल."

"त्याला दोन मिनिटं भेटू?"

"नाही."

"नुसता बघून जातो."

"काय बघणार, एल्मेर? आहे का नाही ते?"

 तेवढ्यात आत कुठेतरी भांडं पडल्यासारखा आवाज झाला आणि ती वळली. दार थोडं सरकलं. आतल्या खोलीत झुला टांगलेला होता. आमच्याकडे सगळेच झुल्यात झोपतात. माणूस आत असला की झुला खाली लोंबतो. हा झुला सपाट होता. रिकामा.

मी ते फ्रेदीला सांगायला नको होतं की हवं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. सांगितलं एवढं खरं.  त्या दुपारचा वाढदिवसाचा कार्यक्रम आम्ही दोघांनीच कसाबसा पार पाडला. यजमानीणबाईंनी दोनदा विचारलं, तुमचे ते तिसरे कुठे आहेत, छान गायचे ते.

सोमवारी फ्रेदीने रुसेल गोंगोराला बोलावलं. आपल्याच घरी, दुपारी, दारं लावून. रुसेल चांगला गायक आहे, तयारीचा आहे, दिसायला आमच्या तिघांहून बरा. पण त्याला दुसरा आवाज गायचाच नव्हता. खालच्या पट्टीत सुरुवात करायचा आणि दोन ओळींनी फ्रेदीच्या खांद्यावर चढून बसायचा. फ्रेदी हसत होता, वाहवा म्हणत होता, आणि त्याच्या कपाळाची शीर उडत होती.

"मग कधीपासून?" रुसेलने विचारलं.

"कळवतो. आणि हे आपल्यात राहू दे."

"छे छे, कोणाला सांगणार मी."

गुरुवारी फ्रेदी माझ्या गाडीत येऊन बसला. कुठे जायचं ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. प्रोग्रेसोचा रस्ता सरळच आहे.

केशकर्तनालय समुद्रापासून दोन गल्ल्या आत होतं. नाव रंगवलेलं होतं, "नेल्मी". शटर अर्धं खाली. आम्ही समोरच्या बंद खानावळीच्या सावलीत गाडी लावली. वाटेत घेतलेल्या माशाच्या तळलेल्या करंज्या फ्रेदी कागदातून एकेक काढून खात होता, चव न घेता. पाठीला गिटार लावलेला गास्पार खरंच आला. वाकून आत गेला. फ्रेदीने करंजी खाली ठेवली.

थोड्या वेळाने गिटारी ऐकू यायला लागल्या. दोन. आणि मग गाणं. आमचंच. फ्रेदीने स्वतः बसवलेलं, त्याच्याच जागा, त्याचेच थांबे.

"चोर," फ्रेदी म्हणाला. "माझी गाणी विकतोय."

तो उतरला तसा मीही उतरलो. शटरपाशी पोहोचेपर्यंत मला एक गोष्ट जाणवली होती. आत गास्पार पहिला आवाज गात होता. वाईट गात होता. ती त्याची पट्टीच नाही. आणि दुसरा आवाज बाईचा होता. जाडसर, शांत, खालून धरणारा.

फ्रेदी वाकून आत शिरला. आत एकच खुर्ची, एक मोठा आरसा आणि केस वाळवायच्या टोपाखाली डोक्याला कागद गुंडाळून बसलेली एक म्हातारी. गास्पार स्टुलावर. त्याच्यासमोर पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई, कमरेला केसांनी माखलेला एप्रन आणि मांडीवर गिटार.

"बस, फ्रेदी," गास्पार म्हणाला. जणू तो आमची वाटच पाहत होता.

"बसायला नाही आलो. कोणाबरोबर गातोयस तू?"

"या नेल्मीबाई, आडनाव पेनीचे. यांचे वडील गायचे. तू ऐकलंयस त्यांना."

"मी विचारतोय, कोणाबरोबर?"

"तुला ऐकू आलं ना? दुसरा आवाज शिकवतोय यांना. सगळी गाणी. तुझे थांबे, एल्मेरची खर्जाची जागा, सगळं."

"आणि मग तुम्ही दोघं कुठे गाणार?"

"मी नाही गाणार. त्या गाणार. तुमच्याबरोबर. मी पडलेला असेन तेव्हा."

टोपाखालची म्हातारी म्हणाली, "भांडायचं ते गाणं संपवून भांडा. अर्ध्यावर तोडलंत."

फ्रेदीने तिच्याकडे पाहिलंही नाही. "तीन पुरुषांच्या संचात बाई घुसवायची, आणि मला विचारायचं नाही?"

"रुसेलचा आवाज कसा वाटला?" गास्पारने विचारलं.

फ्रेदीची मान झटकन माझ्याकडे वळली.

"एल्मेर काही बोलला नाही. रुसेलच सांगत फिरतोय. परवा पानुचोवाल्याच्या खाऊगाडीवर सांगत होता. हे होणार हे मला आधीच दिसत होतं. म्हटलं, माझी जागा कोणाला द्यायची ते निदान मला ठरवू दे. तू असा माणूस आणशील जो तुझ्या आवाजावर बसेल, आणि वर्षभरात तुमचा संच मोडेल."

"तू मला खरं सांगायचंस."

"काय खरं? डोकं दुखायच्या आधी माझी नजर फाटते. डाव्या बाजूला काचेचे तुकडे चमकतात, समोरच्याचा अर्धा चेहरा जातो. मग शब्द जातात. 'पाणी' म्हणायला जातो आणि तोंडातून 'खुर्ची' येतं. दुखणं त्यानंतर. गाणाऱ्या माणसाने हे सांगायचं कोणाला?"

"मला."

"तू माझं तोंड हुंगलंस, फ्रेदी."

 नेल्मीबाई उठल्या, म्हातारीच्या डोक्यावरचा कागद थोडा उचलून रंग चढला का पाहिला, आणि परत येऊन बसल्या. मला राहवलं नाही, मी म्हणालो, "त्या शनिवारी झुल्यात कोणी नव्हतं."

"झुल्यात पडलो की ओकारी येते. जरा हललं तरी. मी फरशीवर पडतो, कपाट आणि भिंत यांच्यामध्ये. गार असतं तिथे." मग तो किंचित हसला. "मिर्ना म्हणालीच, एल्मेर तपासून गेला."

परतीच्या वाटेवर मला हलकं वाटत होतं. फ्रेदीला नाही.

"फार जुळवून सांगितलं," तो म्हणाला. "तुला नाही वाटत? प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार."

"खरं असलं की उत्तर असतंच."

"खोटं पाठ केलं तरी असतं. ही बाई आधी त्याच्या जागेवर येणार. मग एके दिवशी तो बरा होणार. मग चौघांत एक जास्त. कोण बाहेर जाणार? पहिला आवाज शिकतोय तो, ऐकलंस ना."

"शिकवायला कोणीतरी पहिला गायलाच पाहिजे ना."

"बघू," फ्रेदी म्हणाला, आणि करंज्यांचा कागद चुरगाळून खिशात कोंबला.

त्याने गास्पारला काढलं मात्र नाही. मोतुलजवळच्या एका जुन्या मळ्यावर बड्या घरचं लग्न ठरलेलं होतं, शनिवारी, भर दुपारच्या जेवणाचं. गास्पारने फोनवर सांगितलं, मी येतो, पण नेल्मीबाई बरोबर येतील. फ्रेदीने कबूल केलं, अट घालून: त्या आचाऱ्यांकडे बसतील आणि कोणी विचारलं तर आमच्या नात्यातल्या. गाडीत बसण्याआधी त्याने मला बाजूला घेतलं.

"आज बघ. आज त्याचं डोकं दुखणार. बाई आणलीय ती काय भात ढवळायला?"

वाटेत आरशातून तो सतत मागे बघत होता. गास्पार आणि नेल्मीबाई बोलत नव्हते. त्यावरही त्याचा संशय: ठरलेलं असलं की बोलायची गरज काय. मीही पाहत होतो, खोटं का बोलू. गास्पारने वाटेत एक उकडलेलं अंडं खाल्लं, पाणी प्यायला, काळा चष्मा लावला. तयारी बऱ्या माणसाची होती की आजाऱ्याची, कळेना.

मांडव मोठा होता. आम्ही गायला उभे राहिलो आणि पहिली चार-पाच गाणी अशी झाली की मी संशयबिंशय विसरलो. गास्पार कित्येक महिन्यांत तसा गायला नव्हता. फ्रेदीसुद्धा सैल झाला; एका जागी त्याने डोळे मिटले, जे तो मनापासून गाताना करतो.

मग फोटोवाल्याने आमच्यावर तो मोठा दिवा रोखला. दिवा बिघडलेला होता, लुकलुकत होता. गास्पारने मान वळवली. गाणं चालू राहिलं. पुढच्या गाण्यात त्याचा डावा हात गिटारीची एक पट्टी चुकला, त्याने सावरलं. मी फ्रेदीकडे पाहिलं. फ्रेदी त्याच्याकडेच पाहत होता, मांजर बिळाकडे पाहतं तसा. मला कळलं, तो वाट बघतोय. आता गास्पार कपाळाला हात लावणार, माफी मागणार, स्वयंपाकघराकडे खूण करणार.

गास्पारने यातलं काही केलं नाही. तो गात राहिला. शब्द गेले तसे त्याने शब्द सोडून दिले आणि नुसता हुंकार भरत सूर धरला. लोकांना वाटलं, मुद्दाम. त्याच्या कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते, आणि तो फ्रेदीच्या तोंडाकडे बघायचं सोडून त्याच्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होता, जिथे काही नव्हतं. गाणं संपल्यावर तार लावायला त्याने खुंटी धरायला हात नेला तो हवेत. पुन्हा नेला. पुन्हा हवेत.

टाळ्या चालू असताना फ्रेदी त्याच्याजवळ सरकला. "पुढचं कोणतं?" त्याने अगदी हळू विचारलं.

 गास्पार म्हणाला, "टोपली."

"काय?"

"टोपली. नाही. थांब." त्याने डोळे घट्ट मिटले. "मी गातो. मी ठीक आहे. गातो मी."

फ्रेदीच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. हसू तसंच होतं, पाहुण्यांसाठी लावलेलं. पण त्याने गास्पारच्या हातातली गिटार धरली आणि ओढली, आणि गास्पार ती सोडेना. दोघं भर मांडवात हसत हसत एक गिटार ओढत उभे. शेवटी फ्रेदी त्याच्या कानात काहीतरी बोलला. काय ते त्याने मला कधी सांगितलं नाही. गास्पारने गिटार सोडली.

"एल्मेर, याला अंधारात ने. आणि त्या फोटोवाल्याला सांग, तो दिवा बंद केला नाहीस तर मी तुझ्या तोंडात घालीन." मग यजमानांकडे वळून, मधाळ आवाजात: "मंडळी, दोन मिनिटं घशाला विश्रांती."

मळ्याच्या मागे जुनं दोरखंडाचं कोठार होतं, जाड भिंतींचं. मी गास्पारला तिथे नेलं. फरशीवर पडल्या पडल्या तो पोटाशी पाय घेऊन वळला. मी ओला टॉवेल त्याच्या डोळ्यांवर ठेवला आणि शेजारी एक बादली. त्याला बोलता येत नव्हतं. हाताने मला म्हणाला, जा.

मी परतलो तेव्हा फ्रेदी स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. "बाई, या," एवढंच म्हणाला. नेल्मीबाई खरोखरच भात ढवळत होत्या. त्यांनी हात पुसले. पिवळ्या फुलाफुलांच्या झग्यात त्या आमच्या दोघांच्या पांढऱ्या सदऱ्यांमध्ये येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा पुढच्या टेबलावरची कुजबुज मला ऐकू आली.

पहिलं गाणं फ्रेदी एवढ्या जोरात गायला की त्यांना जागाच मिळाली नाही. तो परीक्षा घेत होता की घाबरला होता, त्याचं त्याला माहीत. दुसऱ्यात त्याने आवाज थोडा आत घेतला. तिसऱ्यात तो थांबला त्या जागी खालून त्या अलगद येऊन उभ्या होत्या, आणि मी पाहिलं, फ्रेदीने डोळे मिटले.

कार्यक्रम संपल्यावर जेवण सोडून तो कोठाराकडे निघाला. मीही. दारात त्याने बूट काढले आणि हातात घेतले. टाचांना नाल होते, वाजले असते. आत जाऊन तो गास्पारपासून जरा अंतरावर फरशीवर बसला. पांढरा सदरा, इस्त्रीची पँट, तशीच धुळीत.

बऱ्याच वेळाने गास्पार म्हणाला, "कोण?"

"मी. बोलू नकोस."

"झालं?"

"झालं."

"कशा गायल्या?"

फ्रेदीने विचार केला. "शेवटच्या कडव्यात श्वास भलत्या जागी घेतात."

"मी पण तिथेच घेतो."

"माहीत आहे," फ्रेदी म्हणाला. "इतकी वर्षं ऐकतोय."

तो त्याच्या शेजारी बसून राहिला. मी बाहेर आलो आणि नेल्मीबाईंसाठी एक ताट वाढून घेतलं, कारण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. फ्रेदीने माफी मागितली नाही. ते त्याच्या रक्तातच नाही. पण गास्पारबरोबर डॉक्टरकडे तो गेला, आणि तिथे त्याने डॉक्टरला असे प्रश्न विचारले की डॉक्टरने शेवटी विचारलं, पेशंट कोण आहे. तिथे शनिवारचं कोडंही सुटलं. शुक्रवारी आम्ही रात्री उशिरापर्यंत गातो, गास्पार नीट झोपत नाही, सकाळी घाईत जेवण चुकतं, आणि दुपारी त्याला उन्हात उभं करतो. शनिवार आम्हीच तयार करत होतो. मिर्नाने तिथेच ऐकवलं की मंगळवारीही दुखतं, गुरुवारीही दुखतं, पण ती दुखणी शिवणयंत्रांना कळतात, तुम्हाला नाही.

शुक्रवारची कामं आम्ही बंद केली. गास्पार रोज एक गोळी घेतो. दुखणं गेलं नाही, कमी झालं. जेव्हा येतं तेव्हा नेल्मीबाई येतात. काही यजमान बाई पाहून नाक मुरडतात, काही मुद्दाम त्यांनाच बोलावतात, आणि मग गास्पार घरी बसून गप्प गप्प होतो, तेही बघावं लागतं. रुसेल गोंगोरा आमच्याबद्दल काय काय सांगत फिरतो ते सगळं मेरिदाला माहीत आहे.

फ्रेदीचा संशयी स्वभाव आहे तिथेच आहे. फक्त आता तो फोटोवाल्यांच्या दिव्यांवर, यजमानांच्या अत्तरांवर आणि जेवण वेळेवर मिळेल का यावर खर्च होतो. कार्यक्रम ठरवताना तो मांडवाची दिशा विचारतो. लोकांना वाटतं, गायक फार नखरेल आहे.

गेल्या आठवड्यात आम्ही गास्पारला घ्यायला गेलो तर मिर्ना फाटकात उभी होती. तिने नुसती मान हलवली. फ्रेदी खाली उतरला, तिच्याशी कुजबुजला, जेवला होता का, गोळी कधी घेतली, ओकला का. मग परत आला. मी किल्ली फिरवणार तोच त्याने माझा हात धरला.

"इथे नको चालू करूस. त्याची खिडकी इथेच आहे."

मग आम्ही दोघं, पांढरे सदरे घालून, भर उन्हात गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत गेलो. शेजारची बाई अंगण झाडायची थांबून पाहत राहिली. कोपऱ्यावर मी गाडी चालू केली, फ्रेदीने रुमालाने मान पुसली आणि नेल्मीबाईंना फोन लावला.